बावीस मोकळ्या जागा

४ मार्च

मावशी,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण इथे वाकायलाही जागा नाही.

सोबतचा गठ्ठा बघून घाबरू नकोस. तीनशे चिठ्ठ्या आहेत, डॉक्टरांनी लिहिलेल्या. पेशंटची नावं कात्रीने कापून टाकलीत. प्रत्येक चिठ्ठीवर एका औषधाभोवती लाल चौकट आहे, तेवढंच वाचायचं आणि सोबतच्या कागदावर नंबरापुढे लिहायचं. फोटो फोनवर पाठवले असते, पण तू ते बोटाने लहानमोठे करत बसली असतीस आणि शेवटी शिव्या मलाच पडल्या असत्या. म्हणून छापून पाठवलेत. पत्रही हातानेच लिहितेय. हस दात काढून.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून मी पुन्हा या कॉलेजच्या गावात आले तेव्हा आई आठ दिवस बोलली नव्हती. तू मात्र एवढंच म्हणालीस, "मग, निघतेस कधी?" ते मी विसरलेले नाही. तर आम्ही करतोय ते असं. औषधांच्या खिडकीवरचा माणूस चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरेल आणि पडद्यावर औषधाचं नाव येईल. हस्ताक्षर वाचणारी सॉफ्टवेअरं तशी आहेत, पण डॉक्टरांचं गिचमिड बघितलं की तीही हात टेकतात. आमच्या यंत्राला शिकवायला कुणीतरी असं पाहिजे, ज्याने आयुष्यभर हेच वाचलंय. चौतीस वर्षं दवाखान्याच्या औषध-खिडकीवर बसलेली माणसं माझ्या ओळखीत किती आहेत? एक. तीही नाकावर माशी बसू न देणारी.

आम्ही म्हणजे मी आणि ढापण्या. माझ्याच वर्गात होता, जाड भिंगांचा चष्मा. कोड सगळा तो लिहितो. बोलायची कामं माझी.

कॉलेजने जुन्या व्यायामशाळेत नव्या कंपन्यांसाठी केंद्र काढलंय. जमिनीवर अजून बॅडमिंटनच्या रेषा आहेत आणि त्या रेषांवरूनच जागा वाटून दिल्यात. आमचं टेबल नेटच्या डावीकडे. उजवीकडे शेतावर फवारणी करणारे ड्रोनवाले, मागे पाणी प्यायची आठवण करून देणारं अ‍ॅप बनवणारे. ते दिवसभर कॉफी पितात. भिंतीवर कॉलेजची तास बदलायची जुनी पितळी घंटा टांगलीय. कुणाला गिऱ्हाईक मिळालं की त्याने ती वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. दर गुरुवारी दुपारी चारला प्रत्येकाने आपलं काम सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं असतं. केंद्राचे प्रमुख आहेत, त्यांना सगळे सल्लागार सर म्हणतात. सप्टेंबरपर्यंत एक तरी मोठं गिऱ्हाईक आणलं तर जागा राहील, नाहीतर टेबल उचलायचं.

मावशी, मला ती घंटा वाजवायचीय. एवढ्या जोरात वाजवीन की आईला तिकडे ऐकू जाईल.

वाचशील ना?

तुझी,
झिपरी


१९ मार्च

झिपरे,

आशीर्वाद. केस विंचरत जा.

गठ्ठा मिळाला. तीनशेच्या तीनशे वाचल्या. बारा दिवस लागले. पहिले दोन दिवस नुसते रागावण्यात गेले. एवढं शिकून सवरून हे लोक लिहितात की कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडतात, देव जाणे. तिसऱ्या दिवसापासून हात बसला.

तुझ्या यंत्राला एक गोष्ट सांग. आम्ही अक्षर वाचत नाही, हात वाचतो. सव्वीस नंबरच्या चिठ्ठीवाला घे. त्याचा हात प्रत्येक शब्दाच्या शेवटी वर उडतो, म्हणजे त्याचं शेवटचं अक्षर कधीच खरं नसतं. ऐंशी नंबरवाली बाई पहिलं अक्षर नीट काढते आणि पुढे नुसती रेघ ओढते. तिची रेघ किती लांब आहे त्यावरून औषध ओळखायचं. आणि बाजूला लिहिलेला डोस बघायचा. अमुक औषध दिवसातून तीनदा कुणी देतच नाही, हे ज्याला माहीत आहे तो अर्धी लढाई जिंकला.

बावीस ठिकाणी जागा मोकळी आहे. ती तशीच राहू दे. त्याबद्दल समोरासमोर बसून बोलू कधीतरी, पत्रात नीट सांगता यायचं नाही.

आई म्हणते तशी शेजाऱ्यांची भांडणं मी सोडवत नाही. मी फक्त बाल्कनीत उभी राहते, मग ती आपोआप मिटतात. आईला सांग.

खरं सांगू का? बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा सकाळी उठून चष्मा पुसला तो कामासाठी. पुढचा गठ्ठा पाठव.

मावशी


२७ मार्च

मावशी,

तू म्हणजे कमाल आहेस! ढापण्या तुझं पत्र हातात घेऊन टेबलाभोवती गोल गोल फिरत होता. "हात वाचतो" हे त्याने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलंय. डोस बघायचं यंत्राला शिकवायला आम्ही विसरलोच होतो. कपाळाला हात लावला दोघांनी.

त्या बावीस जागांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं आमचं आम्ही बघतो.

दुसरा गठ्ठा सोबत. घाई नाही. (आहे.)

झिपरी


२ जुलै

मावशी,

तीन महिन्यांत फक्त गठ्ठे आणि दोन ओळींच्या चिठोऱ्या पाठवल्या, माहीत आहे. रागावू नकोस. आज सगळं भरून काढते.

तुझ्या चार गठ्ठ्यांवर, म्हणजे बाराशे चिठ्ठ्यांवर, यंत्र शिकून तयार झालंय. मागच्या गुरुवारी चालवून दाखवलं. ड्रोनवाल्यांनी मुद्दाम त्यांच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी डॉक्टरची भयंकर चिठ्ठी आणली होती. यंत्राने दोन सेकंदांत वाचली. सगळे उभे राहिले! पाणी पिणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनीसुद्धा कॉफी खाली ठेवली.

आणि ऐक. एका मोठ्या रुग्णालयाचे खरेदी अधिकारी सल्लागार सरांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या नऊ औषध-खिडक्या आहेत. नऊ! ते सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी स्वतः बघायला येणार. आम्ही त्यांना कळवलंय की आमचं यंत्र एकही चिठ्ठी सोडत नाही. शंभरातल्या शंभर वाचतं. असं छातीठोक सांगणारं दुसरं कुणी नाही. सर म्हणाले, याच एका वाक्यावर आपण विकणार.

घंटेकडे आता मी जाता-येता बघते. ढापण्या म्हणतो, नजर लागेल तिला.

हे सगळं तुझ्यामुळे.

झिपरी


९ जुलै

झिपरे,

एकही सोडत नाही म्हणजे काय?

मी बावीस सोडल्या होत्या. पुढच्या तीन गठ्ठ्यांत मिळून आणखी एकोणसत्तर. तुझ्या यंत्राने त्या कशा वाचल्या, ते मला बघायचंय. माझ्याच बाराशे चिठ्ठ्या त्याला वाचायला दे आणि ते काय म्हणतं ते छापून पाठव. लगेच.

मावशी


१५ जुलै

मावशी,

अगं, केवढा तो दरारा! पोस्टमन पत्र देऊन गेला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले.

बाराशेची यादी सोबत आहे. मोकळ्या जागांबद्दल म्हणत असशील तर काळजी नको, एवढं काम केलंस, चारदोन राहून जाणारच. कुणी तुला बोल लावत नाहीये. आई परवा फोनवर सांगत होती की नोकरीत असताना तुझीसुद्धा एकदा साठ्याच्या नोंदीत गडबड झाली होती आणि दोन वर्षं गोदामात काढावी लागली होती. मला हे माहीतच नव्हतं! मला तर ऐकून बरंच वाटलं. माणूस आहे, चुकणारच. म्हणून तर यंत्र लागतं.

सप्टेंबरच्या तयारीला लागलोय. मी नवा शर्ट घेतला. ढापण्याने चष्म्याची काडी चिकटवली.

झिपरी


२४ जुलै

झिपरे,

यादी वाचली. आशीर्वाद वगैरे आज नाहीत.

माझ्या एक्याण्णव मोकळ्या जागांवर तुझ्या यंत्राने एक्याण्णव औषधं लिहिली आहेत. एकशे त्रेचाळीस नंबरची चिठ्ठी काढ आणि समोर ठेव. त्या चौकटीत जे काही आहे ते दोन औषधांसारखं दिसतं. एक पित्ताची गोळी आहे, दुसरी साखर उतरवणारी. डोस दोघींचा सारखाच. मी ती चिठ्ठी उजेडात धरली, उलटी करून मागून बघितली, चार दिवसांनी पुन्हा बघितली. नाही कळलं. म्हणून सोडली. तुझं यंत्र म्हणतं, साखर उतरवणारी. दोन सेकंदांत! पित्ताने उलट्या होणाऱ्या, सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाला ती दे बरं. बसल्या जागी कोसळेल तो. तेव्हा तू घंटा वाजवशील का ग?

मी थकले नव्हते. माझ्या हातून काहीही राहून गेलेलं नाही. ती जागा मोकळी सोडणं हेच माझं वाचन होतं. आमच्या खिडकीवर नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. वाचता आलं तर लिही, नाही आलं तर जागा मोकळी सोड आणि उठून लिहिणाऱ्याला विचारून ये. अंदाजाने एक अक्षर लिहायचं नाही.

आणि आता गोदामाचं. आईला जे सांगितलं होतं ते आईने तुला सांगितलं. खरं काय ते आज तू ऐक.

एक मोठे डॉक्टर होते. ते वॉर्डातून चालले की भिंतीसुद्धा बाजूला सरकायच्या. त्यांची एक चिठ्ठी खिडकीवर आली. वाचता येईना. आम्ही चौघी होतो, दोन मतं पडली. मी चिठ्ठी घेऊन वर गेले आणि विचारलं, हे काय आहे? ते वीस पेशंटांसमोर ओरडले, "वाचता येत नसेल तर घरी बसून भांडी घासा." मी म्हटलं, "घासीन. आधी हे काय आहे ते सांगा." हलले नाही जागची. शेवटी त्यांनी पेन हिसकावून मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते आम्ही म्हणत होतो त्या दोन्हींपैकी एकही नव्हतं. तिसरंच निघालं.

पुढच्या महिन्यात माझ्या नावाने हुकूम निघाला. साठ्यात घोळ, म्हणून गोदामात बदली. घोळ दाखवायला त्यांनी एक खोकं दुसऱ्या फळीवर ठेवलं असेल, मी बघायलाही गेले नाही. घरी खरं सांगितलं असतं तर तुझे आजोबा म्हणाले असते, मोठ्या माणसाला उलट बोलायची काय गरज होती. ते ऐकण्यापेक्षा घोळ परवडला.

तर मी चुकले म्हणून तुला बरं वाटलं असेल, तर ते बरं वाटणं परत घे.

मावशी


२१ ऑगस्ट

मावशी,

चार आठवडे पत्र लिहिलं नाही. पाच वेळा सुरू केलं आणि फाडलं. आता जे आहे ते सांगते.

तुझं पत्र मी ढापण्याला वाचून दाखवलं. एकशे त्रेचाळीस नंबर आला तेव्हा त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ घातलाच नाही. आमच्या कामात मोकळी जागा म्हणजे राहून गेलेली माहिती. पहिल्या वर्षापासून आम्हाला असंच शिकवलंय. माहिती हातात आली की आधी ती साफ करायची, आणि मोकळ्या जागा दिसल्या की तिथे सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर भरून टाकायचं. तेच त्याने केलं. मग यंत्र जे शिकायला नको होतं तेच शिकलं. न कळलं तरी काहीतरी सांगायचं, आणि तेही ठासून.

पण दोष त्याचा नाही. त्याने मला विचारलं होतं, "मावशींनी या का सोडल्या असतील?" मी म्हटलं, "थकली असेल, भरून टाक." माझं वाक्य आहे ते, मावशी. तू पत्रात लिहिलं होतंस, तशीच राहू दे. मी ते वाचलं आणि पुढे गेले. मला घंटा दिसत होती.

आम्ही भरलेलं सगळं काढून टाकलं. यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आता त्याला कळलं नाही की पडद्यावर नाव येत नाही, तिथे येतं, "वाचता येत नाही. लिहिणाऱ्याला विचारा." शंभरातल्या सात-आठ वेळा येतं. तुझ्याइतकंच.

हे सल्लागार सरांना दाखवलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. हसले. म्हणाले, "हात वर करणारं यंत्र कोण विकत घेईल? हात वर करणारी माणसं त्यांच्याकडे आधीच आहेत." मग म्हणाले, न कळलेल्या जागीही एक नाव दाखवा, फक्त फिकट रंगात. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि शंभरातल्या शंभर हे वाक्यही टिकेल. सप्टेंबरनंतर काय करायचं ते करा.

मी हो म्हणून आले.

तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं. फिकट रंग, मावशी. खोटं नाही ना ते? खिडकीवर गर्दी असताना फिकट आणि गडद कोण बघतं, हे मला घरी येताना जिन्यात सुचलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सहा महिने ढापण्या आणि मी त्या टेबलावर जगलोय. टेबल गेलं की आई म्हणेल, मी सांगितलंच होतं.

सांग ना, काय करू?

झिपरी


२९ ऑगस्ट

झिपरे,

काय करू म्हणून मला विचारू नकोस. तुला तोंड आहे, आणि ते चांगलं मोठं आहे, लहानपणापासून ऐकतेय. तू मला नाही, त्या सरांना "हो" म्हणालीस. परत जायचं की नाही हे तुझे पाय ठरवतील.

मी फक्त माझ्यापुरतं सांगते. माझ्या मोकळ्या जागांवर नावं लिहून विकायची असतील, फिकट असोत की गडद, तर माझ्या भरलेल्या जागाही परत पाठव. अकराशे नऊ आहेत, मोजून. मी वाचलेलं निम्मं घ्यायचं आणि निम्मं पुसायचं, हे चालणार नाही. दोन्ही मिळून एक काम आहे ते.

गोदामाची उरलेली गोष्ट सांगायची राहिली. दोन वर्षं मी खोकी मोजली. उंदीर होते, खिडकी नव्हती. दोन वर्षांनी परत खिडकीवर बसवलं. पहिल्याच दिवशी त्याच डॉक्टरांची चिठ्ठी आली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वाचता येत होती का? नव्हती. मी उठले, चिठ्ठीवर पेपरवेट ठेवला, रांगेला म्हटलं, "दोन मिनिटं," आणि जिना चढले. ते मला बघून म्हणाले, "तुम्ही पुन्हा?" मी म्हटलं, "पुन्हा."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नीट लिहून दिलं. ते सुधारले वगैरे काही नाही. कंटाळले माझ्या येण्याला.

मला घाबरायला झालं होतं का? झालं होतं. कठडा धरून चढले. तू काय समजतेस, आम्ही लोखंडाच्या होतो?

राग निवळलाय. म्हणजे माझा तुझ्यावरचा. अर्धा.

मावशी


१३ सप्टेंबर

मावशी,

काल गुरुवार होता. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मला उडी मारून शेवटाकडे जावंसं वाटेल.

चार वाजता व्यायामशाळा भरली. पहिल्या रांगेत सल्लागार सर आणि शेजारी खरेदी साहेब, इस्त्रीचा कडक शर्ट, मांडीवर डायरी. फिकट नाव दाखवायचं की तुझं वाक्य, ते ठरवणारं एक बटण ढापण्याने करून ठेवलं होतं. मी त्याला सकाळीच म्हटलं, "बटण काढून टाक." तो म्हणाला, "परवाच काढलं. तुला सांगायला घाबरत होतो." बघ मेल्याला! दोघंही एकमेकांना घाबरून एकच गोष्ट करत होतो.

मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "आम्ही तुम्हाला कळवलं होतं की आमचं यंत्र शंभरातल्या शंभर चिठ्ठ्या वाचतं. ते खोटं होतं." सरांनी डोळे मिटले. मी पुढे म्हटलं, "ते शंभरातल्या ब्याण्णव वाचतं. उरलेल्या आठ वाचता येत नाहीत हे त्याला कळतं. विकायला आणलंय ते हेच."

खरेदी साहेबांनी डायरीतून एक चिठ्ठी काढली. स्वतःच्या रुग्णालयाची, नाव कापलेली. म्हणाले, "ही वाचा. आमच्या खिडकीवर अशा रोज पन्नास वाचतात. कुणी अडत नाही." मी कॅमेऱ्यासमोर धरली. मावशी, मी मनात म्हणत होते, वाच रे बाबा, एवढी एक वाच. ज्या यंत्रासाठी मी सगळं पणाला लावलं त्याने निदान माझी लाज राखावी.

पडद्यावर आलं, "वाचता येत नाही. लिहिणाऱ्याला विचारा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. खरेदी साहेबही हसले. म्हणाले, "म्हणजे माझ्या माणसाने काय करायचं?"

मी म्हटलं, "उठायचं. जिना चढायचा. विचारायचं."

"आणि रांगेचं काय?"

"रांगेला म्हणायचं, दोन मिनिटं."

हसणं थांबलं. पण त्यांनी डायरी मिटली. "आम्हाला उत्तर देणारं यंत्र हवंय," म्हणाले, आणि उठले. चिठ्ठी आमच्या टेबलावर टाकली. "ठेवा, आठवण म्हणून." सर त्यांच्या मागे गेले. दारात वळून मला म्हणाले, "महिनाअखेर टेबल मोकळं करा."

 ड्रोनवाले जमिनीवरच्या रेषा बघत होते. आणि मला एकदम तुझा तो पेपरवेट आठवला. मी सरळ भिंतीपाशी गेले आणि घंटा वाजवली. सहा महिने जपून ठेवलेला सगळा जोर काढला. गिऱ्हाईक मिळालं की वाजवायची ती घंटा, आणि मी गिऱ्हाईक घालवून वाजवली. ढापण्या ओरडला, "अजून एकदा!" मी अजून एकदा वाजवली. टाळ्या कुणीच पिटल्या नाहीत. मग पाणी पिणाऱ्या अ‍ॅपवाल्यांतली एक अबोल मुलगी उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवायला लागली. तिची आई औषधांच्या दुकानात काम करते म्हणे.

आता खरं सांगते. रात्री रडले. आज सकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली बघून आलो. भिंतीला ओल आहे, खाली दिवसभर ठोकाठोक चालते. घेतली. "हात वाचतो" तिथे पण लावलंय.

पण एक कुरतडतंय. तो कागद. सगळ्यांसमोर यंत्र ज्याच्यावर अडलं, तो त्यांच्या माणसांना खरंच रोज वाचता येत असेल तर? मग आम्ही ताठ मानेने उभे राहिलो ते चुकीच्या जागी. कागद सोबत पाठवतेय. बाराशे एक नंबर दिलाय. तूच सांग काय आहे ते. जे असेल ते सांग, मी ऐकायला तयार आहे.

झिपरी


३० सप्टेंबर

झिपरे,

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यात धर.

घंटेचं वाचून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. तुझ्या आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. गोदामाचंही. ती म्हणाली, "दोघी सारख्याच ग तुम्ही." तक्रार करत होती, पण आवाज तसा नव्हता.

आता तुझा बाराशे एक. कागद माझ्याकडे अकरा दिवस होता. पहिल्याच नजरेत एक नाव जिभेवर आलं. तुझ्या बाजूने उत्तर यावं असं मला वाटत होतं आणि तुझ्या विरुद्ध यावं असंही वाटत होतं, म्हणजे कुणी म्हणायला नको की मावशीने भाचीची बाजू घेतली. असं मन असलं की वाचू नये. मी कागद बाजूला ठेवला.

मग माझ्याबरोबर खिडकीवर बसलेल्या तिघींना घरी बोलावलं. तिघींची मिळून नव्वदेक वर्षं याच कामात गेलीत. प्रत्येकीला वेगळ्या खोलीत बसवलं, चिठ्ठी दाखवली, कागद दिला आणि म्हटलं, हे त्यांच्या खिडकीवर रोज वाचतात, कुणी अडत नाही, तुम्हीही लिहा. लाजेने का होईना, तिघींनी लिहिलं. एकीने रक्तदाबाची गोळी लिहिली, दुसरीने पित्ताची, तिसरीने झोपेची. तिघीही अगदी ठामपणे. मग तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नाही. सगळ्यात थोरली म्हणाली, "अग बाई, आपण उठून विचारायला कधीपासून विसरलो?"

तिन्ही कागद सोबत आहेत, खाली त्यांच्या सह्या घेतल्यात. त्या चिठ्ठीसह ते खरेदी साहेबांना पाठव, आणि विचार, तुमच्या माणसाने यातलं कुठलं औषध दिलं? उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव. तेही नाही आलं तर मला कळव. माझे गुडघे दुखतात, पण जिना चढता येतो. नऊ खिडक्या आहेत ना? नऊही खिडक्यांवर जाईन.

तिघींनी तुझा पत्ता मागून घेतलाय. घरी बसून कंटाळल्यात बिचाऱ्या. पुढचा गठ्ठा चौपट पाठव.

चौथा कागद माझा आहे. नंबर बाराशे एक, पुढे जागा मोकळी. तो त्या ओल आलेल्या भिंतीवर लाव, आणि कुणी काहीही म्हणो, ती जागा तशीच राहू दे.

तुझी,
मावशी